जप्तीचं घर आणि पंधरा दिवसांची मुदत

आमच्या वरच्या मजल्यावरचा फ्लॅट बँकेने ताब्यात घेतला त्याला साडेतीन वर्षं झाली. त्यातली तीन वर्षं दाराच्या कडीला सुतळी आणि तिच्यावर लाखेचं सील होतं. शेजारी ताबा सूचनेचा कागद, पिवळा पडून एका कोपऱ्यातून सुटलेला. बाल्कनीत पारव्यांनी संसार थाटला. दुसऱ्या वर्षी वरच्या न्हाणीघरातला कुठलासा सांधा सुटला आणि आमच्या छतावर भाकरीएवढा ओला डाग उमटला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी बँकेला तीन पत्रं धाडली. उत्तर एकाचंच आलं: मालमत्ता ‘जशी आहे जेथे आहे’ तत्त्वावर विकायची असल्यामुळे दुरुस्ती करता येणार नाही.

आमच्याच जिन्यात एक जोडपं भाड्याने राहायचं. तो एका गोदामात हिशेब बघायचा, ती घरी शिवणकाम करायची. पेपरात ई-लिलावाची नोटीस आली तेव्हा दोघं ती कापून घेऊन माझ्याकडे आले, कारण असली मराठी वाचून समजावणारा रिकामटेकडा माणूस इमारतीत मी एकटाच. राखीव किंमत १८ लाख ४० हजार, अनामत १ लाख ८४ हजार. अनामतीची त्यांची तयारी होती. बोली लागली तर त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी अनामत धरून २५ टक्के, म्हणजे ४ लाख ६० हजार. तेही सोनं मोडून जमलं असतं. पण उरलेले १३ लाख ८० हजार पंधरा दिवसांत. आणि ते चुकलं तर भरलेले पैसे जप्त. ज्या बँकेत त्याचा पगार जमा होतो तिथल्या साहेबाने सांगितलं, मालमत्ता लिलावातली आहे, वकिलाचा आणि व्हॅल्युअरचा रिपोर्ट यायलाच महिना लागेल. त्यांनी बोली लावली नाही. कुणीच लावली नाही. दुसऱ्या लिलावात राखीव किंमत १६ लाख ५६ हजारांवर आली आणि घर गेलं. कुणाकडे गेलं ते पुढे सांगतो.

हे आठवायचं कारण म्हणजे अलीकडेच एका परिसंवादात ऐकलेला वाद. विषय होता, पहिल्यांदाच घर घेणाऱ्यांना बँकांनी जप्त केलेली घरं घ्यायला आणि नीट करून राहायला सरकारने मदत करावी का. एका बाजूचं म्हणणं, इतकी घरं धूळ खात पडलीत, लाख-दोन लाखांची सबसिडी द्या की विषय संपला. दुसरी बाजू म्हणाली, दुसऱ्याच्या तळतळाटावर संसार उभा करायला सरकारी पैसा कशाला? टाळ्या दोन्हीकडे पडल्या. पण लिलावात सामान्य माणूस नेमका कुठे अडतो, हे दोघांपैकी एकानेही सांगितलं नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: सरकारने मदत जरूर करावी, पण ती घराच्या किमतीत नको. मुदतीत हवी, कागदपत्रांत हवी आणि दुरुस्तीत हवी. किमतीत दिलेली सवलत विकणाऱ्याच्या खिशात जाते.

तळतळाटाचा मुद्दा अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकता येत नाही. सरफेसी कायदा २००२ साली आला. त्याने बँकेला कोर्टाची पायरी न चढता, साठ दिवसांची नोटीस देऊन तारण ठेवलेल्या घराचा ताबा घ्यायचा अधिकार दिला. बड्या थकबाकीदारांना वेसण घालायला म्हणून केलेला हा कायदा दोन खोल्यांच्या माणसालाही तितकाच लागतो. त्यात सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या खटल्यात स्पष्ट केलं की लिलावाची सूचना प्रसिद्ध झाली की बाकी भरून मालमत्ता सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो. म्हणजे नोकरी गेलेल्या माणसाला मुलाच्या लग्नासाठी ठेवलेलं सोनं विकून घर वाचवायचं असेल, तरी पेपरात नोटीस छापून आल्यावर उशीर झालेला असतो. अशा वेळी नव्या खरेदीदाराला सरकारी मदत मिळणार म्हटल्यावर बँका जप्तीची आणखी घाई करतील, ही भीती खरी आहे. मदतीचा पहिला हक्क घर जाऊ घातलेल्या माणसाचा, हेही मला पूर्ण मान्य आहे. हप्ते लांबवून द्या, व्याजाचा दंड माफ करा, लवाद नेमा, काय करायचं ते नोटिशीच्या आधी करा.

पण त्यानंतर काय? घर लिलावात निघालंच, तर ते कुणाच्या हाती जावं? इथे तळतळाटवाल्यांचा हिशेब चुकतो. सरफेसीतच लिहिलंय की विक्रीतून खर्च आणि कर्ज वजा जाता जे उरेल ते कर्जदाराला परत द्यायचं, आणि कमी पडलं तर उरलेली बाकी त्याच्याकडूनच वसूल करायची. म्हणजे लिलाव कोरा गेला, राखीव किंमत उतरली आणि नेहमीच्या तीन-चार बोलीवाल्यांनी आपसात डोळे मिचकावून घर पडेल भावात उचललं, तर सर्वांत जास्त मार कुणाला बसतो? ज्याचं घर गेलं त्याला. घर तर गेलंच, वर बाकीही मानगुटीवर. त्याच्याविषयी खरंच कळवळा असेल तर लिलावात दहा खऱ्या गरजूंना उभं करा. दहा जण बोलतील तेव्हा भाव जागेवर येईल. त्या भावात नव्या माणसाची लॉटरी लागणार नाही, हे कबूल. लागायचं कारणही नाही. त्याला हवंय राहण्याजोगं घर, योग्य किमतीला, फसवणुकीशिवाय.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. राग नुसता व्याजाचा नव्हता. नव्या इंग्रजी कोर्टांत कर्जाची डिक्री, म्हणजे वसुलीचा हुकूम, पटकन मिळायची, जमिनीचा लिलाव व्हायचा आणि बोली लावायला रोकड असलेला माणूस गावात बहुतेक वेळा तोच सावकार असायचा. देणं वसूल होणं आणि जमीन सावकाराच्या घशात जाणं या दोन गोष्टी लिलावाने एक करून टाकल्या होत्या. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने कोर्टाला कर्जाच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासायला आणि हप्ते बांधून द्यायला लावलं. कायदा अपुराच पडला, सावकारांनी वाटा शोधल्या. पण लिलाव कायदेशीर असला म्हणजे न्याय्य असतो असं नाही, हे त्या इंग्रज सरकारलासुद्धा कबूल करावं लागलं.

आता सबसिडीवाल्यांकडे वळतो. त्यांच्या हातात एक भक्कम मुद्दा आहे: घर उभं आहे. सिमेंट, वाळू, जमीन सगळं खर्च होऊन गेलंय. विरार-बोळींजला म्हाडाने बांधलेली हजारो घरं वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहिली, कारण पाणी आणि जाण्यायेण्याचे हाल. उलट जप्तीचं घर बहुतेकदा चालत्या-बोलत्या वस्तीत असतं. खाली किराण्याचं दुकान असतं, शाळा जवळ असते, रिक्षा स्टँड ओळखीचा असतो. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटी दहा लाखांच्या वर घरं रिकामी आढळली होती. ती सगळी जप्तीची मुळीच नव्हेत, पण नवं बांधण्याआधी असलेलं वापरा, हा युक्तिवाद मला पटतो.

मात्र किमतीवरची सवलत काय करते हे आपण २०२० मध्ये पाहिलंय. त्या सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत मुंबईत मुद्रांक शुल्क ५ वरून २ टक्क्यांवर आणलं, मार्चअखेरपर्यंत ३ टक्के ठेवलं. नोंदणी कार्यालयांत झुंबड उडाली. ती झुंबड कुणाची होती? ज्यांच्या हाती पैसे तयार होते आणि निर्णय पुढच्या वर्षी घ्यायचा होता त्यांची. अमेरिकेत हाच प्रयोग त्याहून मोठा झाला. २००८ च्या पडझडीनंतर तिथे पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना आधी ७,५०० डॉलरची करसवलत दिली, तीही पंधरा वर्षांत परत फेडायची. मग २००९ मध्ये ८,००० डॉलर, परतफेड नाही. करार करायची मुदत ३० एप्रिल २०१० ला संपली आणि जुलैमध्ये जुन्या घरांची विक्री जूनच्या तुलनेत चौथ्या हिश्श्याहून अधिक घसरली. उद्याचं गिऱ्हाईक आज आलं, इतकाच काय तो फरक.

आपल्याच प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्याचं बघा. नऊ लाखांपर्यंत उत्पन्न, ३५ लाखांपर्यंतचं घर, २५ लाखांपर्यंतचं कर्ज, आणि त्यातल्या पहिल्या आठ लाखांवर चार टक्के व्याज अनुदान. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. योजना वाईट नाही. पण हे पैसे मिळतात कर्ज मंजूर होऊन सुरू झाल्यावर. लिलावातल्या माणसाचा गळा आवळला जातो तो त्याआधीच्या पंधरा दिवसांत. बुडणाऱ्याला किनाऱ्यावर आल्यावर टॉवेल द्यायची ही तऱ्हा.

अमेरिकेचा दाखला दिला की ‘तिकडचं इकडे चालत नाही’ असं ऐकावं लागतं. खरं आहे, पण तिकडे जे फसलं ते इकडेही फसेल, हे तरी शिकायला काय हरकत? तिथे १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने कलम २३५ खाली गरीब खरेदीदारांना व्याजात मोठी मदत आणि कर्जाला सरकारी हमी दिली. हेतू चांगला होता. झालं असं की डेट्रॉइटसारख्या शहरांत दलालांनी मोडकी घरं मातीमोल भावात घेतली, वरवर रंग फासला, मूल्यांकन फुगवून घेतलं आणि पहिल्यांदाच घर घेणाऱ्या, बहुतांश काळ्या कुटुंबांच्या गळ्यात मारली. पहिल्या हिवाळ्यात बॉयलर बंद पडला, छत गळू लागलं. दुरुस्तीला पैसे नव्हते, हप्ते थकले. डेट्रॉइटमधली हजारो घरं फिरून सरकारच्याच अंगावर आली आणि जानेवारी १९७३ मध्ये निक्सन सरकारने अशा योजनाच गोठवल्या. त्याच दशकात बाल्टिमोरने उलट वाट धरली: एका डॉलरला घर, पण ठरलेल्या मुदतीत ते नीट करायचं, तिथेच राहायचं, आणि दुरुस्तीला स्वस्त कर्ज महापालिका देणार. ओटरबाइनसारखी वस्ती त्यातून उभी राहिली. तिथेही ज्यांच्याकडे थोडाफार पैसा होता तेच टिकले, कारण डॉलरला मिळालेल्या घराच्या दुरुस्तीला हजारो डॉलर लागत होते. तरी फरक स्वच्छ दिसतो. डेट्रॉइटमध्ये मदत विक्रीला होती, बाल्टिमोरमध्ये दुरुस्तीला.

२००८ नंतर तिथल्या केंद्र सरकारने ओस पडलेल्या वस्त्यांमधली जप्तीची घरं घेऊन नीट करायला आधी ३९२ कोटी डॉलर, पुढच्या दोन वर्षांत आणखी सुमारे ३०० कोटी डॉलर दिले. घर मूल्यांकनापेक्षा निदान एक टक्का कमी किमतीत घ्यायचं, गिऱ्हाइकाने आठ तासांचं समुपदेशन घ्यायचं, अशा अटी होत्या. आणि पैसा हाताशी असूनही ठिकठिकाणच्या महापालिका आणि संस्था मागे पडल्या. का? रोख रक्कम घेऊन फिरणारे गुंतवणूकदार आठवड्यात सौदा उरकायचे. यांची फाइल टेबलावरून टेबलावर फिरायची. तेव्हा कुठे फॅनी मे या गृहकर्ज संस्थेने ‘फर्स्ट लुक’ची पद्धत आणली. जप्तीच्या घरावर पहिले काही दिवस फक्त स्वतः राहणाऱ्याने किंवा सेवाभावी संस्थेने बोली लावायची, गुंतवणूकदाराने नंतर. सुरुवातीला हे दिवस पंधरा होते, पुढे तीस केले.

हे आपल्याकडे करायला कायदा बदलायचीसुद्धा गरज नाही, हे परिसंवादात कुणी सांगितलं असतं तर वाद दहा मिनिटांत आटोपला असता. सरफेसीच्या नियमांतच लिहिलंय की उरलेले ७५ टक्के पंधरा दिवसांत भरायचे, किंवा लेखी ठरवून वाढवलेल्या मुदतीत, मात्र ती मुदत तीन महिन्यांपलीकडे नको. म्हणजे तीन महिने देता येतात. देत नाहीत, कारण देण्याची सक्ती नाही. सार्वजनिक बँकांची मालक केंद्र सरकार आहे. जप्तीची घरं दाखवणारं त्यांचं सामाईक पोर्टल आधी ई-बिक्रय नावाने होतं, जानेवारी २०२५ पासून बँकनेट नावाने आहे. त्यावर ३५ लाखांखालच्या घरांचा पहिला लिलाव फक्त पहिल्यांदा घर घेणाऱ्यांसाठी ठेवा आणि त्यांना तीन महिन्यांची मुदत आपोआप द्या. बँकेचं नुकसान? पहिला लिलाव पुष्कळदा कोराच जातो. अनुभवी बोलीवाला राखीव किंमत उतरायची वाट बघत बसलेला असतो. जी खुर्ची रिकामीच राहणार आहे ती गरजूला बसायला दिली तर कुणाचं काय गेलं? तीन महिन्यांचं व्याज बुडतं म्हणाल तर ते सरकारने भरावं. मदतीचा पैसा खर्च करायची ही खरी जागा.

दुसरी अडचण कागदांची. ‘जसं आहे जेथे आहे’ या चार शब्दांत सोसायटीची थकबाकी, पालिकेचा मालमत्ता कर, विजेचं बिल, मागच्या भाडेकरूचा दावा, सगळं सामावलेलं असतं. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. सी. नायनन खटल्यात म्हटलं की वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असेल तर आधीच्या मालकाची वीजबाकी लिलावात घेणाऱ्या नव्या मालकाकडे मागता येते. व्यापाऱ्याला हे चालतं, तो दहा घरांत एखादं नुकसान पचवतो. एकच घर घेणाऱ्याला पचत नाही. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींनी बनावट परवानग्या दाखवून महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली होती; तिथे घरं घेणाऱ्यांना आपली चूक काय ते अजून कळलेलं नाही. बँकेने कर्ज दिलं म्हणजे घर चोख, हा आपला भाबडा समज त्यात उघडा पडला. म्हणून बोलीच्या आधी सगळ्या देण्यांचा आणि परवानग्यांचा एक कागद बँकेच्या सहीने मिळाला पाहिजे, आणि त्यात नसलेलं देणं नव्या मालकाच्या माथी मारता येऊ नये. बँका कुरकुरतील. कुरकुरू देत. कर्ज देताना टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासायची फी त्यांनीच घेतलेली असते.

दुरुस्तीचा प्रश्न आपल्याकडे अमेरिकेपेक्षा अवघड आहे, आणि विरोधकांचा सर्वांत वजनदार आक्षेप इथेच उभा राहतो. तिकडे घर सुटं असतं. खरेदी आणि दुरुस्ती एकाच कर्जात बसवणारी सरकारी हमीची योजना तिथे जुनी आहे. दुरुस्तीचे पैसे वेगळ्या खात्यात राहतात आणि काम तपासून टप्प्याटप्प्याने सुटतात. आपल्याकडे घर म्हणजे चार मजली इमारतीतली एक खुराडी. आत नवी फरशी घातली पण पिलरच्या सळया उघड्या पडल्या असतील तर काय उपयोग? महाडची तारिक गार्डन २४ ऑगस्ट २०२० ला कोसळली, १६ जण गेले, आणि ती इमारत काही जुनीपुराणी नव्हती. अशा इमारतीत गरीब माणसाला सरकारी मदतीने घर घ्यायला लावणं म्हणजे डेट्रॉइट पुन्हा घडवणं, असं कुणी म्हणालं तर मी त्याच्या बाजूने हात वर करीन. त्यामुळे मदतीला पहिली अट इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटची हवी आणि दुरुस्तीच्या पैशातला एक हिस्सा सोसायटीच्या खात्यात, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला आणि ड्रेनेजच्या पाइपांना गेला पाहिजे. असं झालं तर सोसायट्याही या नव्या माणसाकडे ‘लिलावातून आलेला’ म्हणून वाकड्या नजरेने बघायच्या थांबतील. बाकीचे पैसे इंजिनिअरने काम बघितल्यावर. आणि पाच वर्षांच्या आत घर विकलं तर सगळी मदत परत. एवढ्या अटी घातल्या की मदतीवर डोळा ठेवून येणारे दलाल आपोआप पांगतात, कारण त्यांना वेळ परवडत नाही.

यातून किती जणांना घरं मिळतील? फार नाही. मुंबई-पुण्याच्या घरांचा प्रश्न यातून सुटणार नाही, भाड्याच्या घरांचं धोरण लागेलच, नवी बांधावीही लागतील. थोड्यांनाच होतं म्हणून करू नये, असं म्हणणाऱ्यांना मात्र मी विचारीन, की मग थोड्याच जणांना परवडणारा हा पंधरा दिवसांचा नियम इतकी वर्षं कसा चालला?

वरचा फ्लॅट ज्याने घेतला त्याचे आमच्या स्टेशन परिसरात असे आणखी सहा आहेत, असं वॉचमन सांगतो. सील निघालं, कुलूप आलं. ते जोडपं मे महिन्यात वांगणीला गेलं, भाड्यानेच. गेल्या आठवड्यात वरच्या ग्रिलला पाटी लागली: ‘फ्लॅट विकणे आहे, एजंट क्षमस्व’. किंमत विचारली तर २६ लाख. आमच्या छतावरचा डाग आता परातीएवढा झालाय. नव्या मालकाला फोन केला. तो म्हणाला, काका, गिऱ्हाईक पक्कं झालं की ते बघून घेईल.